सम खड्यांचं काय झालं

फ्योरी होडी निम्म्या नदीत आली असेल-नसेल, तेवढ्यात पिह्ला म्हणाली, "राईमो, चौथ्या गणितात मला सात कसे पडले रे?" सायकल मांडीला टेकवून ती उभी होती. टोपलीत बाजारातल्या वाटाण्याच्या शेंगांची पिशवी, आणि एकेक शेंग नखानं उकलून दाणे तोंडात टाकणं चालू. बस किती वाजता सुटते ते विचारावं, तसं विचारलं तिनं, आणि मास्तरांना नावानं, अरे-तुरे करून, कारण तिकडची रीतच तशी. राईमो सोरवालीला आधी प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "कसे म्हणजे? सोडवलंस, पडले." "विषम खड्यांचं सोडवलं," ती म्हणाली. "सम खड्यांचं मी लिहिलंच नव्हतं. मला येतच नव्हतं. अजून येत नाही. स्पर्धेहून आल्यापासून डोकं आपटलं त्याच्यावर, उत्तर कुठं बघितलं नाही. सातापैकी सात म्हणजे पूर्ण सुटलं ना? मग ते माझ्या कागदावर आहे कुठं?" राईमोनं पाण्याकडं बघितलं. आउरा नदीचं पाणी चहात दूध जास्त झाल्यासारखं, नेहमीचंच. शेवटी तो म्हणाला, "पाच वाजता घरी ये. कागदाची प्रत आहे माझ्याकडं, बघू." ती "बरं" म्हणाली, होडी काठाला लागली, ती सायकल घेऊन उतरली आणि दोन शेंगा त्याच्या हातावर ठेवून गेलीसुद्धा. राईमो तिथंच. होडीवाला म्हणाला, "मास्तर, उतरताय की परत सोडू?" आणि मास्तर काही बोलले नाहीत म्हणून त्यानं खरंच परत सोडलं. फुकटची होडी, कोण विचारतो. आलो त्याच काठावर आपण पुन्हा उभे आहोत, हे राईमोला शेंगा संपल्यावर कळलं.

तीस वर्षं तुर्कूच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यातली अकरा वर्षं दर जुलैत देशाच्या सहा पोरांना घेऊन जगाच्या स्पर्धेला जायचं. दोन दिवस, सहा गणितं, गणिताला सात गुण. अधिकृत म्हणाल तर देशांचा नंबर तिथं लावतच नाहीत, पोराचं पोरापाशी. पण सहा पोरांची बेरीज कुणाला येत नाही? निकाल लागला की जो तो बेरीज करतो आणि गालात हसतो किंवा हसत नाही. वर चीन, अमेरिका, रशिया, कोरिया, ती सगळी वरच्या आळीतली माणसं. त्यांच्याकडं मान वर करून बघायचं आणि पुढं जायचं. फिनलंडचा नंबर साठाच्या आसपास कुठंतरी. त्याचं कुणाला काही नाही. प्रश्न एकच असतो, आणि तो पेपरवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे तोच विचारतात: स्वीडन कुठं? बर्फावरच्या हॉकीत स्वीडन कुठं, भालाफेकीत स्वीडन कुठं, पोरांच्या गणितात स्वीडन कुठं. आठ वर्षं स्वीडन वर होतं. यंदा खाली गेलं, एका गुणानं. हेडमास्तरीणबाईंनी केक आणला होता. पेपरात पिह्लाचा फोटो आला, कारण मेडल कुणालाच नसलं तरी एक गणित पुरं सात गुणांचं सोडवणाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळतं, आणि आपल्या सहांत ते तिला एकटीला होतं. सहा पडले असते तर काही नाही. सात आणि सहा यांच्यामध्ये एवढी दरी आहे आणि पोरगी त्या दरीच्या काठावर शेंगा सोलत उभी राहून विचारतेय, मी इकडं कशी आले. राईमो दुसऱ्यांदा होडीत बसला तेव्हा त्याला आठवलं. सम खड्यांचं आपण ऐकलंय. स्वच्छ ऐकलंय. पण आपल्याच आवाजात.

हे कसं असतं, तर पोरं आपापल्या भाषेत लिहितात. मग मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, एका टेबलावर एक गणित. पलीकडं यजमान देशाचे दोन परीक्षक, अलीकडं त्या त्या देशाचे मास्तर. परीक्षकांना फिनिश कुठून येणार? मास्तरानं कागदावर बोट ठेवायचं आणि सांगायचं, इथं पोरगं असं म्हणतंय. ते म्हणतात पाच, आपण म्हणायचं सहा. त्यांनी डोकं खाजवायचं, आपण पुन्हा बोट ठेवायचं. सकाळपासून त्याचे अकरा कागद झाले होते. उकाडा असा की शर्ट खुर्चीला चिकटलेला. चौथं गणित खड्यांचं: एक ढीग, दोन खेळणारे, आळीपाळीनं उचलायचे, पहिला नेहमी जिंकतो हे दाखवा. ढीग विषम असला तर काय, हे पिह्लानं झकास दाखवलं होतं. पलीकडचा तरुण परीक्षक, दाढी नीट न फुटलेला, म्हणाला, "आणि सम?" तिथं कागदावर एक बाण होता. राईमोनं बाणावर बोट ठेवलं, बोट खाली सरकवलं, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या तीन गिचमिड ओळी होत्या, तिथं थांबवलं, आणि म्हणाला, "ती म्हणतेय, ढिगाशेजारी एक खोटा खडा आहे असं धरा, म्हणजे ढीग विषम झाला, पुढं वरच्यासारखंच." तरुण हसला. "सुंदर," म्हणाला आणि सात लिहिले. सही झाली. सगळं दोन मिनिटांत.

एवढं आठवलं. पण पुन्हा आठवायला गेला तर तसंच येईना. दुसऱ्यांदा आठवलं त्यात त्याची नजर ओळींवर नव्हतीच, समोरच्या टेबलावर होती, जिथं स्वीडनचा मास्तर होकान घामाघूम होऊन काहीतरी पटवत होता. तिसऱ्यांदा तर खोटा खडा परीक्षकाच्याच तोंडातून निघाला आणि राईमोनं फक्त मान हलवली. कुठलं खरं? खोट्या खड्याची युक्ती त्या दिवशी सकाळी मास्तरांना वाटलेल्या नमुना उत्तरांत होती, ती त्यानं न्याहारीच्या वेळी तीनदा वाचली होती, आणि गुळगुळीत झाली होती जिभेवर. मग बोटाखाली दिसलं काय, वाचलं काय, बोललं काय? आपण खोटं बोललो का? खोटं बोलताना माणसाला कळत असणार की. तीस वर्षांत पोरांची कॉपी पकडली, तेव्हा पोरांच्या कानांकडं बघायचं, कान लाल होतात. आपले कान त्या दिवशी कसे होते ते कोण सांगणार.

घरी येऊन त्यानं संगणकावर प्रत उघडली. बाण होताच. सरळ, ठाम, जाणाऱ्याला वाट माहीत असल्यासारखा. खाली तीन ओळी. पिह्लाचं अक्षर घाईत असलं की पाखरं नाचून गेल्यासारखं होतं. त्यानं ओळी मोठ्या केल्या, अजून मोठ्या केल्या, तशा त्या राखाडी ठिपक्यांच्या झाल्या. एक शब्द 'परत' असावा. बाकी काही लागेना. तरी त्याला थोडं बरं वाटलं, कारण जे वाचता येत नाही ते काहीही असू शकतं. खोटा खडाही असू शकतो. पोरीला आता आठवत नसेल. साडेचार तासांच्या परीक्षेत माणूस काय काय लिहितो. मनात आलं असेल, निसटलं असेल. मग आपण काय केलं, तिच्या मनातलं तिच्या वतीनं बोललो, एवढंच. असं मनाशी ठरवून तो खुर्चीत मागं टेकला आणि टेकता टेकता त्याला त्याचा मास्तर लेहतोविर्ता आठवला. म्हातारा, पट्ट्यांची विजार, तंबाखूचा वास. राईमो सतराचा होता, तोही स्पर्धेला गेला होता, तेव्हा वीस देशही नसायचे. परक्या देशातल्या वसतिगृहाच्या बोळात म्हातारा समोरून आला आणि म्हणाला, "सोरवाली, दोन गुण काढून आणले तुझे." दोन गुणांनी कांस्यपदक झालं. पदकावर विद्यापीठ झालं, विद्यापीठावर नोकरी, नोकरीच्या गावी नाचाच्या कार्यक्रमात मार्केट्टा भेटली. राईमोनं तेव्हा विचारलं होतं, "कुठून काढले?" म्हातारा म्हणाला होता, "होते तिथूनच." किती छान उत्तर वाटलं होतं ते. इतकी वर्षं छान वाटत होतं. कुठं होते? कागदावर होते, का डोक्यात होते, का म्हाताऱ्याच्या तोंडात होते? आता विचारायला म्हातारा नाही, आणि कागद तर कधीच जळले असतील. राईमोनं आपल्या हातांकडं बघितलं. हात त्याचेच होते, एवढं नक्की.

मार्केट्टा स्वयंपाकघरात झिंगे उकडत होती. ऑगस्टात शेपूची जाड दांडी आणि मीठ घालून नांगीवाले झिंगे उकडायचे, गार करायचे आणि गळ्याला फडकं बांधून हातानं फोडून खायचे. त्यासाठी होकान दरवर्षी स्टॉकहोमहून बोटीनं येतो. राईमो दारात उभा राहिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मार्केट्टानं झारा पातेल्यावर आडवा ठेवला. "अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "माझ्याशी सलग पाच वाक्यं बोलला नाहीस. आईच्या अंत्यविधीला बोल म्हटलं तर 'होय' म्हणून खाली बसलास. आणि तिथं जाऊन जे लिहिलेलंच नाही ते बोललास?" "लिहिलेलं नाही, असं अजून नक्की नाही." "मग चेहरा असा का केलायस?" तिनं त्याच्या हातात शेपूची जुडी दिली. "चीर. बारीक. होकानसमोर सांगायचं की नाही ते चिरताना ठरव."

होकान चार वाजता आला तो डोक्यावर घुंगरू लावलेली कागदी टोपी घालूनच. त्यांचा दोघांचा नेम होता, ज्याचा देश खाली त्यानं झिंगे खाताना ती घालायची. आठ वर्षं ती राईमोच्या डोक्यावर होती. "बघ म्हाताऱ्या, लाज नाही बाळगली," होकान म्हणाला. "बोटीवरूनच घालून आलो. नाश्त्याला एका बाईनं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या." त्याचं ते मोठं, गुलाबी, निर्मळ तोंड. राईमोला वाटलं आधी एक पेला होऊ दे, मग सांगू. मग वाटलं पेल्यानंतर सांगितलं तर ते पेल्यानं सांगितल्यासारखं होईल. म्हणून अंगणात टेबल मांडता मांडता, हातात काटे-सुऱ्या असतानाच त्यानं सांगितलं. होकान आधी खदखदून हसला. मग हसायचा थांबला, तरी टोपीचं घुंगरू जरा वेळ वाजत राहिलं. "अरे," तो म्हणाला, "मीपण वाचतो." "काय वाचतोस?" "पोराच्या मनात जे असेल ते. यंदा आमच्या एकानं नुसतं 'म्हणून' लिहिलं होतं. मी त्या 'म्हणून'चं अर्धं पान वाचून दाखवलं. दोन गुण वाढले." "तुला माहीत होतं?" "बोलताना? बोलताना मला वाटत होतं मी वाचतोय." तो खुर्चीवर बसला. "आम्ही स्वीडिश लोक तर प्रत्येक गोष्टीवर बैठक घेतो. यावर कधी घेतली नाही." "मग खरं पुढं कोण?" राईमोनं विचारलं. होकाननं त्याच्या हातातले काटे घेऊन टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "कुणास ठाऊक बाबा."

आता हे ऐकून राईमोला हलकं वाटायला हवं होतं. उलटंच झालं. शंभरावर देशांची ती यादी, एकाखाली एक, आकडे कसे खिळे ठोकल्यासारखे पक्के. आणि त्या प्रत्येक आकड्यामागं उकाड्यात बसलेलं कुणीतरी, कागदावर ठेवलेलं बोट आणि उघडं तोंड. कुणाचं तोंड किती खरं, याची बेरीज कुणी केली? का सगळेच थोडे थोडे बोलतात आणि शेवटी जो तो आपल्या जागी येतो? तसं असेल तर बरंच आहे. पण तसं असेल तर पोरीला पाच वाजता काय सांगायचं? बाई गं, सगळेच करतात? हे वाक्य त्यानं वर्गात किती पोरांच्या तोंडून ऐकलंय आणि किती पोरांना बाहेर उभं केलंय. तो झिंगे मोजायला लागला, कारण काहीतरी मोजावंसं वाटत होतं, आणि तीनदा तीन वेगळे आकडे आले.

पिह्ला पाचला पाच मिनिटं असताना आली. सायकल फाटकाला टेकवली, होकानच्या टोपीकडं बघून मान डोलावली, जणू सगळ्यांचे पाहुणे असेच असतात. राईमोनं छापलेलं पान तिच्यापुढं ठेवलं, तिच्या तीन ओळींवर बोट ठेवलं, आणि लगेच उचललं. "हे काय लिहिलंयस?" त्याच्या आवाजात विनवणी होती, ती त्यालाच ऐकू आली. पोरीनं पान डोळ्यांजवळ नेलं. "'इथं परत ये,'" ती वाचायला लागली. "'आधी पाचवं बघ. केळं खा.'"

"केळं?" होकान म्हणाला.

"भूक लागली होती. मग पाचव्यात अडकले आणि वेळ संपला." तिनं पान खाली ठेवलं. मार्केट्टा आतून पाव घेऊन आली ती पाव हातात धरूनच उभी राहिली. राईमो म्हणाला, "मी त्यांना दुसरंच सांगितलं. सम खड्यांचं पूर्ण उत्तर सांगितलं. तू लिहिलंयस म्हणून सांगितलं." "मुद्दाम?" "माहीत नाही." "माझ्यासाठी की स्वीडनसाठी?" राईमोनं होकानकडं बघितलं. होकाननं टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि घुंगरू मुठीत धरलं होतं. "तेही माहीत नाही," राईमो म्हणाला. "खरंच नाही माहीत, पिह्ला. सकाळपासून शोधतोय." पोरीचे कान लाल झाले. तिनं नाक ओढलं, बाहीनं पुसलं. "बाबांनी फ्रेम करून घेतलंय ते," ती म्हणाली. "चांगली फ्रेम आहे. लाकडाची." मग म्हणाली, "तर मग किती?"

"किती काय?"

"किती द्यायला हवे होते? तू परीक्षक. सांग."

राईमोनं पान ओढून घेतलं. चष्मा लावला. आता फक्त जे लिहिलंय ते वाचायचं, आणि हे किती अवघड असतं ते त्याला कळलं, कारण डोळा ओळीच्या शेवटी पोचला की पुढचं वाक्य आपोआप यायला लागायचं, आणि ते हाकलून मागं फिरायला लागायचं. "पाच दे," होकान म्हणाला. "विषम भागातच खरी मेख आहे. ती हिनं एकटीनं काढलीय." "तीन," पिह्ला म्हणाली. "तीन कसे? स्वीडनच्या वतीनं मी सांगतो, पाच." "तू गप रे, तुझा देश वर जाणाराय," मार्केट्टा म्हणाली. "म्हणून तर जास्त मागतोय, बाई. नाहीतर लोक काय म्हणतील?" "अर्धं राहिलंय," पिह्ला म्हणाली. "अर्ध्याला साडेतीन होतात, म्हणजे तीन." "अर्धं नाही," राईमो म्हणाला. "विषम जास्त अवघड. चार." "माझ्यावर दया करून चार?" तिनं त्याच्या कानांकडं बघितलं, सरळ, पोलिसासारखं. त्यानं बघू दिलं. "मला नाही वाटत दया आहे," तो म्हणाला, "पण आज माझ्या वाटण्याचा भरवसा नाही. तूच बघ." तिनं आपलं विषम खड्यांचं पुन्हा वाचलं, पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, आणि एका ठिकाणी तिला आपलंच आवडलं असावं, कारण भुवई वर गेली. "चार," ती म्हणाली.

स्पर्धावाल्यांना पत्र तिथंच लिहिलं, टेबलावर, शेपूच्या वासात. राईमोनं लिहिलं, 'कदाचित माझ्याकडून वाचताना चूक झाली असावी.' पिह्लानं त्याच्या खांद्यावरून बघून 'कदाचित' काढायला लावलं, मग 'असावी' काढायला लावलं, मग म्हणाली, "चूक नाही. तू नसलेलं वाचलंस, तसं लिही." त्यानं तसं लिहिलं. ते काय करतील, निकाल बदलतील का नुसतं आभार मानतील, प्रशस्तिपत्र परत मागतील का, कुणाला ठाऊक नव्हतं. असं पत्र कुणी कधी पाठवल्याचं होकानच्याही ऐकिवात नव्हतं. पाठवलं. "शाळेत सोमवारी मी सांगणार," पिह्ला म्हणाली, "तू नाही. तू सांगायला लागलास की काहीतरी जास्तीचं सांगशील." मार्केट्टा एवढं हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग राईमोलाही हसू आलं, पण ते कशाचं होतं ते त्याला नीट कळलं नाही.

मग झिंगे खाल्ले. गळ्याला फडकी बांधून चौघंही शेल फोडत, रस चोखत बसले. पिह्लानं खाल्लेल्याच्या नांग्या बाजूला ठेवल्या, मोजल्या, सहा होत्या, त्यांचा ढीग केला. दोन उचलल्या. परत ठेवल्या. "ते तू त्यांना जे सांगितलंस ना," ती वर न बघता म्हणाली, "ते मला सांगू नको. मला काढायचंय." होकानचं तोंड उघडलं होतं, मार्केट्टानं त्याच्यापुढं पावाची टोपली धरली. वाक्य राईमोच्या जिभेवर तयार बसलं होतं, आठ-दहा शब्दांचं, गुळगुळीत. पोरीचा हात ढिगाशेजारच्या मोकळ्या जागेवर गेला, बोटांनी टेबलाचं लाकूड चाचपलं, बरोबर तिथंच, जिथं तो खोटा खडा हवा होता. आणि मागं आला. पुन्हा गेला. राईमोनं सगळ्यांत जाड नांगी उचलून दातांत धरली आणि सोडली नाही.